भालदाराचं स्टूल

मंगळवार, ७ मे १९७४

सिनेमावाले आले. इन्व्हरकार्डीत एवढ्या मोटारी एका वेळी मी जन्मात पाहिल्या नव्हत्या. टपाल वाटून व्हायला आज अकराऐवजी एक वाजला, कारण प्रत्येक दारात तोच विषय.

गोष्ट अगदीच वेडगळ आहे. एका राजाची कढई शेजारच्या किल्लेदाराने उसनी नेली आणि परत दिली नाही. म्हणून राजा सैन्य घेऊन चालून येतो. किल्लेदार भित्रा, तो तोंडच दाखवत नाही. तटावर आपला भालदार उभा करतो, आणि तो भालदार सैन्याला शिव्या घालून घालून पळवून लावतो. सगळं जुन्या काळातलं, आमच्या पडक्या किल्ल्यात घडणारं. भालदार लंडनचा नट, सैन्य मात्र आमचं. गावातले धडधाकट असे चाळीस पुरुष त्यांनी घेतले, आणि धडधाकट संपल्यावर मला घेतलं.

मी दुसऱ्या रांगेत, हेक्टर गिलीज तिसऱ्या. उंच माणसं मागे. डोक्यावर बादल्या आहेत, शिरस्त्राण म्हणून. हेक्टर म्हणाला, "ही बादली घरी नेऊ देत असतील तर कोकरांच्या दुधाला बरी आहे." हेक्टर विनोद करतो तेव्हा त्याचा चेहरा हलत नाही. शाळेपासून बघतोय, चाळीस वर्षं.

गुरुवार, ९ मे

आज जे झालं ते लिहायला चहासुद्धा बाजूला ठेवलाय, एवढा आनंद.

लंडनच्या नटाचा घसा बसला. आमच्या वाऱ्यात दोन दिवस ओरडल्यावर दुसरं काय होणार. जाइल्स नावाचा लांब केसांचा इंग्रज पोरगा दिग्दर्शक आहे. तो वैतागून सैन्यासमोर आला आणि म्हणाला, "तुमच्यात कुणाचा आवाज मोठा आहे?" चाळीस माणसांनी चाळीस बोटं माझ्याकडे केली. सव्वीस वर्षं मी कुत्र्यांच्या भुंकण्याच्या वरताण "टपाल!" ओरडतोय, त्याचं हे फळ.

"शिव्या येतात?" जाइल्सने विचारलं.

"मी पोस्टमन आहे, साहेब. सगळी कुत्री ओळखतात मला."

भालदाराची तुऱ्याची टोपी घालून वर चढलो तर तटाच्या भिंतीवरून फक्त माझा तुरा दिसत होता. पाच फूट तीन इंचांच्या माणसासाठी तो तट बांधलेला नाही, आणि सैन्याला शिव्या देणारा दिसायला तर हवा. खोकं आणलं, ते मोडलं. मग मलाच सुचलं. चर्चची घंटा मी वाजवतो, किल्ली माझ्याकडेच असते. जाऊन प्रायश्चित्ताचं स्टूल घेऊन आलो. काळं, तीन पायांचं, लोखंडासारखं घट्ट. दोनशे वर्षांपूर्वी ज्याने पाप केलं त्याला त्यावर बसवत. तीन रविवार, सगळ्या गावासमोर. पाद्री त्याला बोल लावायचा, आणि तिसऱ्या रविवारी सगळे हात मिळवायचे की विषय संपला. आता त्यावर रविवारच्या शाळेतली मुलं कोट टाकतात.

जाइल्सला स्टूल फार आवडलं. खालून हेक्टर ओरडला, "मर्डो, ते उभं राहायला नाही, बसायला आहे!"

सगळे हसले. मीही हसलो.

शुक्रवार, १० मे

मी गाजलो. दुसरा शब्द नाही.

ह्यांची पद्धत अशी आहे: कॅमेरा सैन्याकडे वळवतात आणि मी वरून शिव्या घालतो. मी त्यात दिसत नाही, फक्त खालचे चेहरे टिपतात. जाइल्स म्हणतो, तीच शिवी दुसऱ्यांदा दिली की चेहरे मरतात. म्हणून दर वेळी नवी द्यायची, आणि ज्याला द्यायची त्याला आधी कळता कामा नये.

आज दिलेल्या काही, पुढे विसरायला नकोत म्हणून: "अरे शिळ्या पेजेच्या खरवडींनो!" "तुमच्या राजाचं डोकं बादलीत नाही, बादलीच त्याच्या डोक्यात आहे!" "कढई हवी? तुमच्या आयांनी तुम्हाला तिच्यातच भाजायला हवं होतं, कच्चे राहिलात लेको!" खाटीक डंकनच्या पोटाला "चालतं बोलतं पिंप" म्हटलं, तेव्हा त्याची बादली हसून हसून पडली.

बायका चहाच्या तंबूतून बघत होत्या. हेक्टरची मोरॅगसुद्धा होती, धोबिणीच्या वेषात. ती हसलेली मी पाच वर्षांत पाहिली नव्हती.

मोरॅग आणि हेक्टरबद्दल सगळ्या गावाला एवढंच ठाऊक आहे: त्या घरात दोन किटल्या आहेत. एक त्याची, एक तिची. मुलगा कॉलिन लग्न करून आला तेव्हा पार्टीत, भर हॉलमध्ये, हेक्टर ग्लास उंचावून उभा राहिला आणि सुनेबद्दल असं काही बोलला की मी ते इथेही लिहिणार नाही. कॉलिन तिला घेऊन कॅनडाला गेला. मोरॅगने नवऱ्याला सांगितलं, तू माफी मागेपर्यंत माझा चहा वेगळा. हेक्टर म्हणाला, मी मागणार नाही. तेव्हापासून दोन किटल्या.

उरलेलं फक्त मला ठाऊक आहे.

रविवार, १२ मे

शूटिंग नाही. चर्चच्या वडीलधाऱ्यांनी आधीच बजावलं होतं. पाद्री अर्कार्टसाहेबांनी नम्रतेवर प्रवचन दिलं. मी मनात उद्याच्या शिव्या जुळवत होतो. तीन चांगल्या मिळाल्या.

मंगळवार, १४ मे

देवा.

क्रमाने लिहितो. क्रमाने लिहिलं तर कुठे थांबता आलं असतं ते कळेल.

सकाळपासून पाऊस येत जात होता आणि चिलटं चावत होती. दुपारपर्यंत माझा साठा संपला. डंकनचं पोट संपलं, शाळामास्तरांचे दात संपले, राजाची आई संपली. जाइल्स खालून म्हणत होता, "आणखी, मर्डो, आणखी!" माणसं थंडीने काकडलेली, कुणी हसेना. आणि हेक्टर तर पहिल्या दिवसापासून हलला नव्हता. तिसऱ्या रांगेत, दगड.

जाइल्सने कॅमेरा त्याच्यावर लावला. म्हणाला, "मला हा माणूस हवा. ह्याला हलवून दाखव."

मी म्हटलं, "अरे ए खांबा! तुला उभा केला आणि काढायला विसरले काय?" काही नाही. "तुझ्या मेंढ्या तुझ्यापेक्षा जास्त बोलतात आणि जास्त वेळा आंघोळ करतात!" काही नाही. लोक आता हसायला लागले होते, पण माझ्यावर. हेक्टरने वर पाहिलं आणि सावकाश म्हणाला, "दमलास का रे, मर्डो?"

मित्राने मित्राला विचारावं तसंच विचारलं होतं. मी ते तसं ऐकलं नाही. मी हरभऱ्याच्या झाडावर चढलेलो, खाली स्टूल, डोक्यावर तुरा, पाच दिवस सगळं गाव माझ्यावर खूश. मी ओरडलो:

"अरे दगडा! तुझा पोटचा पोरगासुद्धा तुझी पत्रं न फोडता परत पाठवतो! एकोणीस पाठवलीस, एकोणीस परत आली! तुझ्या थोबाडाला आम्ही काय भिणार?"

सिनेमावाले खो खो हसले. त्यांना वाटलं, मी रचलं. गावातले क्षणभर हसले आणि मग एकेक जण गप्प झाला.

हेक्टरचा चेहरा हलला. कसा ते मला लिहिता येणार नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा हलला आणि मी बघू शकलो नाही. त्याने बादली काढून हातात घेतली, जशी अंत्ययात्रेला टोपी घेतात, आणि चालत निघून गेला.

चहाच्या तंबूपाशी मोरॅग उभी होती, हातात कुणाचा तरी कप. जाइल्स टाळ्या वाजवत होता.

बुधवार, १५ मे

रजा टाकता आली नाही, टपाल आहेच. गिलीजकडे पत्र नव्हतं, आभार देवाचे.

मला ते कसं माहीत, हे लिहून ठेवतो, म्हणजे मलाच सोयीस्कर विसर पडायला नको. दर तीन महिन्यांनी हेक्टर मला कुरणाच्या फाटकाशी गाठायचा आणि कॉलिनच्या नावाचं पाकीट द्यायचा. महिन्याभराने ते परत यायचं, वर कॉलिनच्या अक्षरात "नाकारले". पहिलं परत आलं तेव्हाच हेक्टर म्हणाला होता, "घरी देऊ नकोस, मर्डो. मोरॅगला कळायला नको." मी विचारलं, का रे? तर म्हणाला, "हट्टी नवऱ्याबरोबर ती राहतेय. नाकारलेल्याबरोबर राहायला लागली तर तिला माझी दया येईल."

हे एवढं त्याने मला सांगितलं होतं. नोकरीत लागताना मी शपथेच्या कागदावर सही केली आहे की हातातून जाणाऱ्या टपालाबद्दल कुणाशी बोलणार नाही. पण ती शपथ नसती तरी हे पुरेसं होतं.

जिभेला हाड नसतं म्हणतात. माझ्या जिभेला काहीच नाही.

शुक्रवार, १७ मे

जाइल्सकडे गेलो. म्हटलं, तो तुकडा काढून टाका. त्याने मला खुर्ची दिली, सिगारेट दिली.

"मर्डो, तो चेहरा म्हणजे आख्खा सिनेमा आहे. लोक हसून लोळतील."

"ते खरं होतं," मी म्हटलं.

"म्हणूनच तर!"

मी त्याला एक शिवी दिली. ती ऐकून त्याने वही काढली आणि ती लिहून घेतली. मी उठून आलो. उरलेले दिवस लंडनचा नट करणार आहे, त्याचा घसा सुटला. आतापर्यंतचा आवाज मात्र माझाच राहणार.

रविवार, १९ मे

घंटा वाजवली आणि मागच्या दाराने घरी आलो. आत बसायचं धाडस झालं नाही. घंटा वाजवणारा चर्चमध्ये नाही, असं इन्व्हरकार्डीत पहिल्यांदाच झालं असेल.

मंगळवार, २१ मे

शनिवारी हेक्टरला पत्र लिहिलं होतं. चार पानं. जे होतं ते सगळं लिहिलं, माफी मागितली, पाकीट त्याच्या दाराखालून सरकवलं आणि चोरासारखा पळालो.

आज कुरणाच्या फाटकावर, दगडाखाली ठेवलेलं ते मिळालं. फोडलेलं नाही. वर हेक्टरच्या अक्षरात: "नाकारले".

शाळेत आम्ही एका बाकावर बसून अक्षर गिरवलं. त्याचा र माझ्यासारखाच आहे.

आणखी एक वाईट. त्यांच्या घरावरून आलो तर मोरॅगची किटली बाहेर, पायरीशेजारी मातीत. तिच्यात रोप लावलंय. म्हणजे ती सामान काढायला लागली. आता घर सोडून बहिणीकडे जाणार, दुसरं काय. एवढी वर्षं दोन किटल्यांनी का होईना, घर टिकलं होतं. ते मी मोडलं.

गुरुवार, २३ मे

पोस्टात मोरॅग आली. मिस ड्राइसडेल, आमच्या पोस्टमास्तरीणबाई, मागे तारेच्या यंत्राशी होत्या. मोरॅग माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"एकोणीस, नक्की?"

"एकोणीस," मी म्हटलं.

"पहिलं कधीचं?"

मी सांगितलं. कॉलिन गेला त्याच वर्षी, नाताळच्या आधी.

"त्याच वर्षी," ती म्हणाली. तिने डोळे मिटले आणि काउंटर धरला. मग नाक पुसलं आणि म्हणाली, "तू एक नंबरचा गाढव आहेस, मर्डो बेन."

"आहे."

"मी दर नाताळला सुनेचं कार्ड वाचायची आणि त्या माणसाकडे बघून मनात म्हणायची, ह्याला काळीजच नाही." आणि गेली.

ती तक्रारीसाठी तारखा गोळा करतेय, हे उघड आहे. करू दे. सगळ्या खऱ्या सांगेन.

शनिवार, २५ मे

सिनेमावाले गेले. किल्ला पुन्हा आहे तसा पडका. स्टूल परत आणून चर्चमध्ये ठेवलं, पाय पुसले. त्यावर माझ्या बुटांचे ओरखडे उठलेत.

तासभर बघत बसलो त्याच्याकडे. तोंडातून गेलेला शब्द आणि पेटीत टाकलेलं पत्र परत येत नाही असं आई म्हणायची. पत्र येतं, मी सव्वीस वर्षं बघतोय. शब्द नाही येत. तो चारचौघांत गेला तर दाराखालून सरकवलेल्या चार पानांनी कसा परत येईल?

हेक्टरनेही तेच केलं होतं. भर हॉलमध्ये बोलला आणि माफी बंद पाकिटात मागितली. एकोणीस वेळा.

रविवार, २६ मे

सगळे आले होते. हेक्टर आणि मोरॅग आपल्या नेहमीच्या बाकावर, पुढून पाचव्या. मिस ड्राइसडेल पहिल्या रांगेत.

घंटा वाजवली, आत आलो, आणि पाद्रीसाहेबांनी पुस्तक उघडायच्या आत स्टूल उचलून मधोमध ठेवलं आणि त्यावर बसलो.

लोक हसले. त्यांना वाटलं, भालदाराचा नवा प्रवेश. डंकन तर मोठ्याने म्हणाला, "शिव्या दे रे, मर्डो!" पाद्रीसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "मिस्टर बेन, ते स्टूल दोनशे वर्षांत कुणी वापरलेलं नाही."

"मी गेल्या पंधरवड्यात वापरलंय, साहेब. चुकीच्या पद्धतीने. आता नीट वापरतो."

मग बोललो. ज्यासाठी मला घेतलं होतं त्या आवाजात नाही, साध्या. म्हटलं, हेक्टर गिलीजने विश्वासाने माझ्या हातात दिलेली गोष्ट मी चाळीस माणसांसमोर आणि एका कॅमेऱ्यासमोर ओरडून सांगितली, का, तर मला लोकांना हसवायचं होतं. मी टपालाची शपथ मोडली, मिस ड्राइसडेल, तुम्ही करायचं ते करा. पण शपथ ही लहान गोष्ट. माझा एक मित्र होता. मला लाज वाटते. एवढंच.

आता कुणी हसत नव्हतं. मला वाटलं होतं, बोलून टाकल्यावर हलकं वाटेल. काही वाटलं नाही. गुडघे हनुवटीपर्यंत आले होते, ते स्टूल बुटक्यालाही बुटकं पडतं, आणि सगळं गाव माझ्या टकलाकडे बघत होतं. सत्तर माणसांसमोर बसणं म्हणजे काय, ते जुन्या लोकांना बरोबर ठाऊक होतं.

मग पाचव्या बाकाची फळी वाजली. हेक्टरची पावलं मी न बघता ओळखतो. ती माझ्यापाशी येऊन थांबली. वाटलं, मारणार. मारावं.

"सरक," तो म्हणाला.

मी वर पाहिलं.

"सरक तिकडे, ठेंगण्या. तुझ्या आधीपासून मी रांगेत आहे."

तीन पायांच्या स्टुलावर दोन माणसं बसत नाहीत. अर्धा अर्धा टेकलो, तोल जाऊ नये म्हणून त्याने माझा खांदा धरला. आणि मग हेक्टर गिलीज, समोर भिंतीकडे बघत, म्हणाला की पाच वर्षांपूर्वी शेजारच्या हॉलमध्ये तो आपल्या सुनेबद्दल जे बोलला ते खोटं होतं, नीच होतं, आणि तिथे जे जे हजर होते त्या सगळ्यांसमोर तो ते मागे घेतोय. सुनेचं नाव त्याने घेतलं. पहिल्यांदाच घेतलं असेल.

मोरॅग बायबलच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने भराभर काहीतरी लिहीत होती. रविवारी, चर्चमध्ये! पाद्रीसाहेबांनी पाहिलं आणि आपल्या पुस्तकाचं पान उलटलं.

सोमवार, २७ मे

मिस ड्राइसडेलनी वर कळवलं. त्यांना कळवावंच लागणार होतं, आणि कळवताना त्या रडल्या. सायकल आणि पिशवी जमा केली. शेवटचं जे टपाल मी पेटीतून काढलं त्यात कॅनडाचं एक जाड पाकीट होतं, मोरॅगच्या अक्षरात. बायबलचं पान आत गेलं असेल का, असा विचार आला. तो मी तिथेच थांबवला. माझं काम पोचवायचं होतं, विचार करायचं नव्हतं. हे सव्वीस वर्षांपूर्वी सुचायला हवं होतं.

बुधवार, १९ जून

काम नसलेल्या माणसाला दिवस फार लांब असतो. डंकनच्या दुकानात फुटकळ मदत करतो. लोक बोलतात माझ्याशी. मोरॅग बहिणीकडे गेली नाही; किटलीतलं रोप वाढलंय, आणि चहा आता एकाच किटलीत होत असणार. हेक्टरही मान हलवतो, त्यापुढे नाही. त्या दिवशी स्टुलावर बसला तो त्याच्या पापासाठी, माझ्यासाठी नव्हे, हे मला कळतं.

आज नवी टपालवाली शीना रस्त्यात भेटली. एकवीस वर्षांची, माझीच सायकल, सीट वर केलेली. मला राहवलं नाही. म्हटलं, "गिलीजकडे कॅनडाचं काही आलं का गं?"

ती लाल झाली. "ते मला सांगता येणार नाही, मिस्टर बेन."

तिच्या दुप्पट मी लाल झालो. एवढं होऊनही विचारलंच मी. "बरोबर आहे तुझं," म्हटलं आणि चालायला लागलो, तिच्याकडे वळूनही न बघता.

पण रस्ता एकच आहे, तो कुरणावरून जातो. फाटकाशी ते दोघं उभे होते, हेक्टर आणि मोरॅग. शीना माझ्या पुढे निघून गेली, त्यांच्यापाशी उतरली, काहीतरी दिलं, परत चढली. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो आणि दगडावरचं शेवाळ बघत बसलो. मला काही दिसलं नाही, कारण मी बघितलं नाही. मोरॅग रडतेय एवढं मात्र ऐकू आलं, आणि कान काही मिटता येत नाहीत.

"मर्डो!"

मी हललो नाही.

"मर्डो बेन! बहिरा झालास काय, टपालखात्याच्या फाटक्या तिकिटा? इकडे ये!"

गेलो. हेक्टरने फोडलेलं पाकीट पुढे केलं. त्याचा चेहरा हलत होता आणि तो ते लपवत नव्हता.

"चष्मा घरी राहिलाय. हिला डोळ्यांतल्या पाण्याने काही दिसत नाहीये. वाच."

"हेक्टर, मी नको."

"तूच. मोठ्याने वाच. आवाज आहे ना तुझ्याकडे."

मी तिथे फाटकाशी उभा राहून ते पत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. दोन ठिकाणी थांबावं लागलं. एकदा मोरॅगसाठी, एकदा माझ्यासाठी.

त्यात काय होतं ते मी इथे लिहिणार नाही.